मशीनची चूक

राहू गावच्या आप्पांच्या मळ्यात वांगी लागत नसत, येत असत. तीही चार नंबरवर. मेथी राइट टाइम असे, कोथिंबीर बहुतेक लेट. एका वर्षी कोबी गड्डा धरायचं नाव घेईना, तेव्हा आप्पांनी ती 'आउटरला उभी हाय' असं जाहीर केलं आणि विषय संपवला. मळा म्हणजे दहा गुंठ्यांचा तुकडा. त्यात बारा वाफे. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी स्टेशनवर असते तशी पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या रंगात ठळक नंबर, आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची. बाराही पाट्यांवर उंची एकच.

"आप्पा, ही उंची कशाला?" मी एकदा विचारलं.

"पाटी म्हटल्यावर उंची पायजे, मॅडम. त्याबगर पाटी न्हाई."

आप्पा दौंडच्या यार्डात केबिनमन होते. उभी हयात लिव्हर ओढण्यात आणि फोनवर स्टेशन मास्तरांचे हुकूम घेण्यात गेली. निवृत्त झाल्यावर फंडातून त्यांनी नदीच्या अंगाला हा तुकडा घेतला. नोकरी सुटली, पण रेल्वे काही सुटली नाही. ती त्यांच्याबरोबर राहूला आली आणि मेथी-शेपूत शिरली.

मी त्या वेळी वरवंडला हायवेलगत कॉम्प्युटर क्लास चालवत होते. एक खोली, तीन मशीन, एक पंखा. सन दोन हजार लागताना कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून उठलेला तो वायटूकेचा गोंधळ नुकता सरला होता आणि गावोगावी लोकांना वाटू लागलं होतं की कॉम्प्युटर आला नाही तर आपलं काही खरं नाही. अशा दिवसांत एका सकाळी क्लासच्या दारात आप्पांची एम-एटी थांबली. मागच्या कॅरियरला वाकळेत गुंडाळून, सुतळीनं करकचून बांधलेलं काहीतरी होतं. मला वाटलं बोकड असावा. सोडलं तर आतून सीपीयू निघाला.

"जय भीम, मॅडम. ह्यो आमच्या भाच्यानं हापिसातला जुना दिलाय. आन् ही सीडी. हिला मराठी शिकवायचंय."

सीडी पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली. भाजीपाल्याच्या बागेचं नियोजन करणारं परदेशी सॉफ्टवेअर. कुठल्या वाफ्यात काय पेरायचं, कधी पेरायचं, कधी तोडायचं, सगळं ते सांगणार होतं. पण सुरुवातीलाच ते विचारी, तुमच्याकडे यंदाचं शेवटचं हिम कोणत्या तारखेला पडलं? उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नसे. आप्पा आणि त्यांच्या बायकोनं, गयाअक्कांनी, बराच खल करून मागे एकदा गारा पडल्या होत्या ती तारीख भरली. त्यावर सॉफ्टवेअरनं थंडी ओसरेपर्यंत काही पेरू नका असा सल्ला दिला. बाहेर वैशाख होता. शिवाय त्याच्या यादीत खंडीभर सॅलडाचे पाले होते, पण मेथी नाही, चुका नाही, चाकवत नाही, शेपू नाही.

"ह्यातला निम्मा पाला आमची शेळीबी हुंगणार न्हाई," आप्पा म्हणाले. "तुम्ही आपला नवा बनवा. मी सांगतो तसा."

मी हो म्हटलं. क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवून मला कंटाळा आला होता, आणि खरा प्रोग्राम लिहायची खुमखुमी होती. पण गिऱ्हाईक किती अवघड आहे याची मला कल्पना नव्हती.

आप्पांना पहिल्यांदा हवं होतं इंटरलॉकिंग. म्हणजे केबिनमध्ये एक लिव्हर ओढला की चुकीचा दुसरा ओढताच येत नाही, तसं. टोमॅटो निघाल्यावर त्याच वाफ्यात त्याच्याच कुळातलं वांगं किंवा मिरची टाकायला गेलं तर प्रोग्रामनं अडवायला हवं. हे मला आवडलं, मी ते मनापासून केलं. मग त्यांना पाण्याच्या पाळ्या हव्या होत्या, त्याही लोडशेडिंगच्या वेळा धरून. तेही केलं. मग मी मोठ्या हौसेनं एक पान तयार केलं, दिवसभराची सगळी कामं एकाखाली एक. ते बघून आप्पा एकदम गंभीर झाले.

"हे न्हाई चालायचं."

"का? एका नजरेत सगळं दिसतंय की."

"एका टायमाला एकच काम दिसलं पायजे. एका लाइनीवर दोन गाड्या घ्यायच्या न्हाईत. आन् खाली लिहा, 'उत्तर आले?' उत्तर आलं म्हंजी मी बटण दाबणार. तवाच म्होरलं काम दिसंल. उत्तर येईस्तवर गाडी सोडायची न्हाई."

रेल्वेत फोनवर हुकूम आला की तो ऐकणाऱ्यानं जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा असतो. समोरच्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच हात लिव्हरला. आप्पांनी ही रीत मळ्यात आणली. ओट्यावर कॉम्प्युटर, त्याच्यावर बुद्धांची तसबीर, आणि खाली स्टुलावर आप्पा. सकाळी वीज आली की मोठ्यांदा हाळी जाई.

"गयाबाई, ऐकताय का? वाफा पाच. मेथी. खुरपणी."

वाफ्यातून गयाअक्का पदर खोचत तितक्याच मोठ्यांदा म्हणत, "वाफा पाच. मेथी. खुरपणी."

"बरूबर!"

आणि बटण. हे ऐकायला शेजारच्या रानातल्या बायका मुद्दाम बांधावर थांबत. हौसाबाई म्हणून होत्या, त्या तर आप्पांची नक्कल करून केडगावच्या बाजारात लोकांना हसवत. 'म्हातारा बायकोला मशीनवर चालवतो' ही गोष्ट चांगली चार गावांत पसरली. मलाही पहिल्यांदा जरा रागच आला होता. ज्या बाईनं जन्मभर भाजी पिकवली तिला रोज सकाळी ओट्यावरून हुकूम कशाला? मी तसं गयाअक्कांना विचारलंही होतं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "करू द्या की वं ताई. तेवढीच त्यांची गाडी चालती."

गयाअक्कांविषयी सांगायला हवं. त्यांचं माहेर निमोणं, नदीपलीकडं शिरूरच्या बाजूला. आप्पा दौंडला ड्यूटीवर असत आणि गयाअक्का राहूत दुसऱ्यांच्या वाफ्यांत खुरपं घेऊन मजुरीला जात. सगळ्या गावाला ठाऊक होतं की कुठल्याही मळ्यातली चांगली मेथी ही गयाअक्काच्या हातची असते. पण बाजारात नाव व्हायचं मालकाचं. स्वतःचा तुकडा झाला तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. मग मात्र केडगावच्या बाजारात वर्षा-दोन वर्षांत लोक नाव घेऊन विचारायला लागले, 'गयाक्काची जुडी आली का?' ज्या मळ्यांत त्या मजुरीला जात त्याच मळ्यांच्या मालकिणी सल्ला विचारायला यायच्या. गयाअक्का सल्ला द्यायच्या तेव्हा आप्पा लगेच लांब जाऊन उगाच पाट्या पुसत बसत. बायकोचं कौतुक समोर उभं राहून ऐकायचा त्यांना संकोच वाटायचा.

प्रोग्राम बसवला आणि एक वर्ष बरं गेलं. मग तक्रारी सुरू झाल्या.

पहिल्यांदा आले ते भर क्लासमध्ये. वाकळ सोडून सीपीयू माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन चुकलं. पाचला मेथी उगवलेली असताना परत पाचलाच मेथी टाकाया लावली."

मी तपासलं. सगळं ठीक होतं. असं होणं शक्यच नव्हतं, इंटरलॉकिंग मी स्वतः लिहिलं होतं. पण आप्पा ऐकेनात. "वायटूके आसंल," म्हणाले. मी म्हटलं, तो कधीच संपला. तर म्हणाले, "रेल्वेत न्हाई का, गाडी जाती आन् धूर मागं ऱ्हातो."

दुसऱ्यांदा मिरचीची रोपं गेली. निमोण्याहून आणलेली, नुकती जीव धरलेली रोपं गवत म्हणून उपटली गेली होती. आप्पा म्हणाले, मशीननं सांगितलं. आता माझ्या प्रोग्राममध्ये 'उपटा' हा शब्दच नव्हता! मी तसं ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलवली, चहा घेतला, सीपीयू वाकळेत गुंडाळला आणि जाता जाता हायवेवरच्या हॉटेलात बसून दहा लोकांना सांगितलं की मॅडमचं मशीन अजून कच्चं आहे.

मला राग लवकर येतो, आणि माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं तर जास्तच येतो. त्या आठवड्यात एक गृहस्थ मुलीचं नाव घालायला आले. फी-बी विचारून झाल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं राहूला मिरची उपटली म्हणं?" मुलगी दुसऱ्या क्लासला गेली. मी त्याच दिवशी स्कूटी काढली आणि तावातावानं राहूला निघाले. म्हाताऱ्याला त्याच्याच ओट्यावर बसवून, त्याच्याच स्क्रीनवर दाखवून द्यायचं होतं की चूक कोणाची आहे.

मी पोचले तेव्हा वीज नुकतीच आलेली होती. आप्पा स्टुलावर, मी त्यांच्या खांद्याशी उभी. बांधावर अजून कुणी आलं नव्हतं. स्क्रीनवर आकडा ठळक होता.

"गयाबाई, ऐकताय का? वाफा सात. कोथिंबीर. पेरणी."

"वाफा सात. कोथिंबीर. पेरणी."

"बरूबर!"

गयाअक्का ओच्यात धने घेऊन निघाल्या. दोन नंबरच्या पाटीपाशी त्या थांबल्या. पाटीकडे पाहिलं. मळ्याकडे पाहिलं. परत पाटीकडे पाहिलं. परक्या गावात एसटीतून उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्या खाली बसल्या आणि पेरू लागल्या. हात मात्र जुनाच होता, सराईत, सगळीकडे सारखं बी टाकणारा. पण त्या वाफ्यात बोटभर शेपू आलेला होता. त्या कोवळ्या शेपूवर त्या धने टाकत होत्या.

"अगं गये!" तेवढ्यात बांधावर येऊन पोचलेल्या हौसाबाई ओरडल्या. "शेपू दिसंना व्हय तुला? त्याच्यावर काय टाकतीस?"

गयाअक्कांचा हात हवेतच राहिला. त्यांनी खाली पाहिलं, हातातल्या धन्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"थांबा, थांबा!" आप्पा ताडकन उठले. "मशीनची चूक हाय! हितं दोनच आलंय! ह्या मॅडम हायेत, इचारा त्यांस्नी. मॅडम, काय दिसतंय सांगा की!"

स्क्रीनवर सात होता. मी ज्याच्यासाठी वीसेक किलोमीटर स्कूटी हाणत आले होते तो सात माझ्या नाकासमोर लखलखत होता. मी आप्पांकडे पाहिलं. नेहमी मिश्कील असणारे त्यांचे डोळे एखाद्या लेकराच्या डोळ्यांसारखे झाले होते.

"दोनच आहे," मी ओरडून सांगितलं. "प्रोग्राममध्ये व्हायरस शिरलाय. माझ्याकडूनच आलाय."

"जळ्ळं तुमचं मशीन," हौसाबाई हसत म्हणाल्या आणि ही नवी गोष्ट घेऊन चालत्या झाल्या.

गयाअक्कांच्या जिवात जीव आला. त्याही हसल्या. "मला वाटलंच वं ताई. म्हटलं, शेपूवर कशी सांगत्याल?"

त्या चहा टाकायला आत गेल्यावर आप्पा परत स्टुलावर बसले. मग माउस पुसत म्हणाले, "दोन सालं झाली. आधी मीठ इसरायची. मग पावण्यांची नावं. पुण्याच्या डाक्टरांनी सांगितलं, वाढत जाणार. एक काम सांगितलं आन् परत बोलून घेतलं, तर वाफ्यापस्तोर ध्यानात ऱ्हातं. दोन सांगितली की दोन्ही जात्यात."

ते एका वेळी एकच काम, ते 'उत्तर आले?', ते हुकूम. सगळं माझ्या डोक्यात आता सरळ लागत होतं.

"सारी हयात दुसऱ्याच्या वाफ्यात वाकली ती," आप्पा म्हणाले. "आता कुटं बाजारात तिचं नाव निगतंय. लोकांस्नी कळलं तर म्हणतील, गयी येडी झाली. त्यापरीस म्हातारा येडा हाय म्हणूंद्या. मला काय, मी रिटायर माणूस. आन् तुमचं मशीन... त्याला काय वाटतंय?"

"मशीनला काही वाटत नाही, आप्पा," मी म्हटलं. मला फार वाटत होतं.

त्या दिवसापासून मी आप्पांच्या बाजूची झाले. महिन्यातून एकदा राहूला जाऊन चारचौघांत प्रोग्रामला शिव्या घालायच्या, हे माझं काम. दोडका अर्धाच तोडला गेला, मशीनची चूक. भेंडी जून होऊन वाळली, मशीनची चूक. गयाअक्का एकदा भाजीच्या जुड्या बांधून केडगावऐवजी नदीच्या घाटावर नेऊन बसल्या, तेव्हा बाजाराचा दिवस आणि जागा कॉम्प्युटरनं चुकवली असं मी शपथेवर सांगितलं. माझ्या नावाचं केडगावात जे काय व्हायचं ते झालं. तिथं अजूनही दोन-चार माणसं सापडतील जी सांगतील की वरवंडच्या त्या बाईला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. मी कधीच खोडून काढलं नाही. गयाअक्कांची जुडी मात्र बाजारात त्याच नावानं विकली जात राहिली. आदल्या दिवशी चुकलेले वाफे पहाटे आप्पा गुपचूप नीट करून ठेवत, आणि आठला स्टुलावर येऊन बसत, जसं काही झालंच नाही.

मग गयाअक्का आप्पांनाही विसरल्या. भांडण नाही, रडारड नाही. एका सकाळी त्यांनी आदरानं विचारलं, "सायेब, तुम्ही कुठलं?"

"राहूचा," आप्पा म्हणाले.

"मला निमोण्याला जायचं व्हतं. आई वाट बघती. निमोण्याची गाडी कवा हाय वं?"

निमोण्याला रेल्वे नाही, कधी नव्हती. आयुष्य रेल्वेत गेलेल्या माणसाला ते सांगायला कितीसा वेळ लागला असता! पण आप्पा स्टुलावर ताठ बसले आणि म्हणाले, "लाइन क्लियर मिळाली की सोडतो, गयाबाई. तवर वाफा तीन. चुका. तोडणी."

"वाफा तीन. चुका. तोडणी," गयाअक्का म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या. नवऱ्याला विसरल्या होत्या, गावाला विसरल्या होत्या, पण हाळी आली की परत बोलायचं, हे त्या विसरल्या नाहीत. आप्पा मला म्हणाले, "वळखत न्हाई, पर उत्तर देती. आजून काय पायजे?" एवढं बोलून ते पाटी पुसायला निघून गेले.

थंडी सरता सरता गयाअक्का गेल्या. पुण्यानुमोदनाला केडगावच्या बाजारातल्या बायका आल्या होत्या, मालकिणी आल्या होत्या. प्रत्येकीनं त्यांच्या मेथीचं नाव काढलं. हौसाबाई तर म्हणाल्या, शेवटपर्यंत बाईचा हात चुकला नाही, त्या मेल्या मशीननं घोटाळे केले नसते तर अजून पिकवलं असतं. आप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला तिथंच ओक्साबोक्शी रडू आलं, आणि लोकांना वाटलं मला लाज वाटली.

त्यानंतर परीक्षांच्या गडबडीत माझं जाणं झालं नाही. एक दिवस हौसाबाईंचा निरोप आला, आप्पाचं मशीन अडकलंय, येऊन बघा.

गेले. मळ्यात शिरले आणि थबकले. मेथीला शेंगा धरल्या होत्या. शेपू फुलून पिवळा झाला होता. चुका कमरेएवढा वाढून तुऱ्यावर आला होता. बारा पाट्या मात्र लख्ख पुसलेल्या. ओट्यावर आप्पा स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर. स्क्रीनवर एकच ओळ होती. वाफा तीन, चुका, तोडणी. खाली 'उत्तर आले?'

मी काय झालंय ते ओळखलं. त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "आप्पा, ती खालची ओळ मी काढून टाकू का? मग काम आपोआप पुढं सरकेल. तुम्ही एकटे आहात, एवढं पिकतंय, वाया जातंय."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग घसा साफ केला आणि नेहमीच्याच आवाजात हाळी दिली.

"गयाबाई, ऐकताय का? वाफा तीन. चुका. तोडणी."

शेजारच्या रानात कुणाचा तरी पंप चालू होता. तुऱ्यावर आलेल्या चुक्यावर मधमाश्या होत्या. आप्पा वाट बघत राहिले. मीही बघत राहिले. त्यांचा हात बटणाकडे गेला नाही.

बांधावर हौसाबाई येऊन उभ्या होत्या. "काय झालं वं मॅडम? परत मशीनची चूक व्हय?"

इतक्या वर्षांची सवय. मी म्हणून गेले, "हो, व्हायरस आलाय."

"न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "मशीन बरूबर हाय. उत्तर येत न्हाई, एवढंच."